डॉक्टर कुट्टलरांच्या अठरा सह्या

लोक मला अजून विचारतात, कुट्टलर डॉक्टर चांगला माणूस होता की वाईट? मी म्हणते, जेवताना तोंडी लावायला विषय हवाय, की खरं ऐकायचंय? खरं ऐकायचं असेल तर बसा, आणि मध्ये मध्ये बोलू नका. मी वाल्बुर्गा. लिंडेनरीडच्या टेकडीवर मनोरुग्णांचं इस्पितळ आहे ना, तिथलं इस्त्रीघर एकतीस वर्षं माझ्या हाताखाली होतं. गावातले लोक त्याला वेड्यांचं घर म्हणायचे. माझ्यासमोर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

कुट्टलर डॉक्टर आले तेव्हा बत्तीस वर्षांचे असतील. ताडमाड उंच, प्रत्येक दारातून वाकून आत यायचे आणि तरी महिन्यातून एकदा कपाळ आपटायचंच. चष्मा पुसायचा तर टायनं. इस्पितळात साडेतीनशे रोगी, पण यांना प्रत्येकाचं नाव पाठ, आणि कुणाला आलुबुखार आवडतात, कुणाला अंधाराची भीती वाटते, तेही पाठ. हिवाळ्यात त्यांच्या खोलीत शेगडी धड पेटायची नाही, म्हणून कागदांचा गठ्ठा घेऊन ते माझ्या इस्त्रीघरात येऊन बसायचे. टेबलाचं एक टोक त्यांचं. लग्न केलं नाही. मी म्हणायची, "डॉक्टर, तुम्हाला बायको नकोय, शेगडी हवीय." ते हसायचे आणि पाय शेगडीकडे सरकवायचे.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला झेन्झी. आमच्याच रोग्यांतली; पूर्ण नाव क्रेसेन्झ क्योगेल, खालच्या गावातल्या आफ्रा क्योगेल या धोबिणीची मुलगी. बावीस-तेवीस वर्षांची, पण समज सहा-सात वर्षांच्या पोरीची, आणि लहानपणापासून फेफरं. आता तुम्ही म्हणाल, फेफऱ्याच्या मुलीच्या हातात तापलेली इस्त्री? अहो, तिला आधी कळायचं. "बुर्गी, आलं बघ," असं मला म्हणायची, इस्त्री नीट जाळीवर उभी करायची, मगच खाली बसून आडवी व्हायची. चार वर्षांत एक कापड जळलं नाही. माझ्या हातून त्याच चार वर्षांत तीन चादरी गेल्या. कोटाची कॉलर तिच्यासारखी करणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. सगळ्यांना अरे-तुरे करायची, मुख्य डॉक्टर वीलांटसाहेबांनासुद्धा. कुट्टलर डॉक्टरांच्या कोटाला नेहमी शाईचे डाग. ते दिसले की कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "परत? परत शाई? तुझं काय करू मी?" एवढा मोठा डॉक्टर, खाली मान घालून म्हणायचा, "चुकलं, झेन्झी." मला ती पोटच्या पोरीसारखी होती, आणि मला ती कामालाही हवी होती. दोन्ही खरं आहे. एकच सांगितलं तर मी खोटारडी.

चाळीस सालच्या जुलैमध्ये बर्लिनहून छापील कागदांचा गठ्ठा आला. नाझींचं राज्य, लढाई चालू, रोज कसले ना कसले कागद यायचेच. हे मात्र दर रोग्यामागे एक. नाव, आजार, किती वर्षं इथे आहे, आणि कोणतं काम करतो, कसं करतो. कशासाठी हवं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. वीलांटसाहेब म्हणाले, पंधरा दिवसांत भरून द्या. स्वयंपाकघरात कुजबुज सुरू झाली की दारूगोळ्याच्या कारखान्यांना माणसं कमी पडतायत, कामाचे रोगी उचलून नेणार आहेत. आम्हा सगळ्यांना ते पटलं. का पटू नये? आमचा माळी नेला होता, दोन चांभार नेले होते, घोडीसुद्धा नेली होती.

डॉक्टर कागद घेऊन इस्त्रीघरात बसले. मी मागे जाऊन उभी राहिले.

"झेन्झीचं काय लिहिताय?"

"जे आहे ते. इस्त्री करते, उत्तम."

"उत्तम? डोकं फिरलंय का तुमचं? उत्तम लिहिलंत की उद्या दारात येतील. कारखान्यात यंत्रावर फेफरं आलं तर तिला धरणार कोण? लिहा, काही येत नाही म्हणून."

"खोटं लिहू?"

"एवढंसं खोटं. नाहीतर उद्यापासून तुमचे कोट तुम्हीच करा."

ते हसले. पेनाचं टोक चावत खूप वेळ बसले. टेबलाच्या त्या टोकाला झेन्झी उशीचे अभ्रे करत होती, आपल्याच नादात गुणगुणत होती. मग त्यांनी लिहिलं, 'कोणतंही उपयोगी काम करू शकत नाही', आणि खाली सही केली. एकदा केल्यावर हात सैल सुटला. गोठ्यातला लोरेन्स, चांभारकामाला लागलेला मुका टिबोर, बागेतल्या दोघी बहिणी. जे जे आम्हाला हवे होते, आवडते होते, त्यांना आम्ही निरुपयोगी करून टाकलं. अठरा जण. मास्तरांना फसवलेल्या पोरांसारखे खूश झालो होतो आम्ही. मी जवाची कॉफी केली, तिघांनी प्यायली.

ऑक्टोबरमध्ये करड्या रंगाची बस आली. काचा रंगवलेल्या. उतरलेल्या माणसानं यादी वाचायला सुरुवात केली. कुट्टलर डॉक्टर पायरीवर उभे होते. चौथ्या-पाचव्या नावाला त्यांनी त्याच्या हातातून यादी घेतली, पाहिली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. अठराही जण त्या यादीत होते. ज्यांच्यापुढे 'चांगलं काम करतो' लिहिलं होतं, त्यांतलं एकही नाव नव्हतं.

झेन्झीला गाडीत बसायला मिळणार म्हणून आनंद झाला होता. चढताना वळून मला म्हणाली, "कॉलर राहिलीय. तू हात लावू नकोस, तू खराब करतेस. मी येऊन करते." डॉक्टरांचा तो कोट पुढे कितीतरी महिने तसाच टेबलावर पडला होता. मला नाही हात लावता आला त्याला.

तीन आठवड्यांनी घरोघर पत्रं गेली. न्यूमोनियानं मृत्यू, साथ पसरू नये म्हणून दहन केलं, अस्थी हव्या असल्यास कळवावे. आमच्या एका गावात चार घरांना पत्र, चारही जण एकाच आठवड्यात, एकाच दुखण्यानं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं की त्यांना मारून टाकलंय, आणि ती यादी कामाच्या माणसांची नव्हती, निरुपयोगी ठरवलेल्यांची होती. कुट्टलर डॉक्टर तडक वीलांटसाहेबांच्या खोलीत गेले. तासानं बाहेर आले ते पाठ वाकवूनच, दार तर केव्हाच ओलांडलं होतं.

मी म्हटलं, "निघून जा इथून."

ते म्हणाले, "मी गेलो तर माझ्या जागी जो येईल, तो न वाचता सह्या करेल."

मला तेव्हा ते बोलणं फार मोठं वाटलं होतं.

वसंतात दुसरा गठ्ठा आला. या वेळी त्यांनी उलटं केलं. जिला चमचा धरता येत नाही ती बटाटे सोलते, जो अंथरुणातून उठत नाही तो टोपल्या विणतो. वीलांटसाहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, तुमचं मन मला कळतं, पण गाडीत जागा ठरलेल्या आहेत. अकरा जण तुम्ही काढलेत ना, काढा. मग दुसरे अकरा तुम्हीच द्या. आणि यांनी दिले. रात्रभर बसून अकरा नावं निवडली आणि दिली. कुणी मला सांगू नका की डोक्याला बंदूक लावली होती. बंदूक नव्हती. टेबल होतं, कॉफी होती आणि वीलांटसाहेबांचा मऊ आवाज होता.

लढाई संपली. वीलांटसाहेब त्याआधीच छातीच्या दुखण्यानं आपल्या बिछान्यात सुखानं गेले. एकोणपन्नास साली कुट्टलर डॉक्टरांवर खटला उभा राहिला. आम्ही सगळ्यांनी साक्ष दिली की यांनी अकरा जीव वाचवले. त्या अकरांच्या जागी कोण गेलं, हे कुणी विचारलं नाही. पहिल्या अठरांबद्दल विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कोर्टानं निर्दोष सोडलं, वर चार शब्द कौतुकाचे. आणि पन्नासच्या सुरुवातीला स्टुटगार्टच्या आरोग्यखात्याकडून पत्र आलं की मे महिन्यात वीलांटसाहेबांची खुर्ची यांना द्यायची, समारंभ करून.

डॉक्टर इस्त्रीघरात आले. बसले नाहीत. म्हणाले, "त्या खुर्चीत बसायच्या आधी मला सगळ्या घरी जाऊन यायचंय. अठरा आणि अकरा. त्यांना खरं सांगायचंय."

दर रविवारी सायकल काढायची आणि निघायचं. एका घरी कुत्रा अंगावर सोडला. एका घरी जेवायला बसवलं आणि कुणी एक शब्द बोललं नाही. एका बापानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "जाऊ द्या डॉक्टर, आमची सुटका झाली." त्या दिवशी ते परत येऊन माझ्यापुढे रडले. टिबोरचं घर कुणालाच माहीत नव्हतं, बागेतल्या बहिणींचं एकच, अशी सव्वीस घरं झाली. राहिलं एक, आणि तेच सगळ्यांत जवळचं. आफ्राचं. ते मीच पुढे ढकलत होते, आज तिला बरं नाही, उद्या सण आहे, असं सांगून. चर्चमध्येसुद्धा नऊ वर्षं मी तिच्यापासून चार बाकं लांब बसत होते. शेवटी म्हटलं, चला, मीही येते.

वाटेत डॉक्टर म्हणाले, "तुमचं नाव मी घेणार नाही." मी हो म्हटलं. लाज वाटली, पण हो म्हटलं.

आफ्रा बटाटे सोलत होती. सत्तरीची, वाळून काटकी झालेली. बसा म्हणाली नाही. डॉक्टरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, कागद, अफवा, सही. तिची सुरी थांबली.

"झेन्झीला काही येत नाही, असं लिहिलंत?"

"हो."

"माझ्या झेन्झीला?"

"हो."

तिनं सुरी खाली ठेवली. "सहा वर्षं लागली मला तिला शिकवायला. आधी इस्त्री ठेवायची, मग पडायचं. हजार वेळा सांगितलं असेल. हे बघा," तिनं बाही वर केली, कोपरापर्यंत जुने भाजल्याचे डाग. "ती पडायची, मी इस्त्री धरायची. मी मेल्यावर तिला कुणी टाकून देऊ नये, म्हणून शिकवलं हो. कामाची पोर कुणी टाकत नाही, असं वाटायचं मला."

मी खिडकीबाहेर पाहत होते. तिथे काय होतं ते विचाराल तर मला सांगता येणार नाही.

"कोर्टात सांगितलंत हे?" आफ्रानं विचारलं.

"कोर्टानं विचारलं नाही."

"मी तरी कुठे विचारलं होतं?"

मग ती उठली. आवाज चढवला नाही. "सगळ्या घरी असंच सांगून आलात? दार लावून, हळू आवाजात? म्हणजे आम्ही सत्तावीस घरांनी रडायचं आणि तुम्ही हलके होऊन त्या खुर्चीत जाऊन बसायचं. माझ्या स्वयंपाकघरात खरं बोलून तुमचं काय जातं हो, डॉक्टर? जिथे काही जाईल तिथे बोला."

परतीच्या वाटेवर मी तावातावानं बोलत होते. म्हातारीच्या नादी लागू नका, बोललात तर खुर्ची जाईल, खटला पुन्हा उभा राहील, आणि त्यानं कुणी परत येणार आहे का? डॉक्टर सायकल ढकलत चालले होते. शेवटी म्हणाले, "वाल्बुर्गाबाई, तिचं खरं आहे." मला इतका राग आला त्यांचा! काळजी त्यांची नव्हती मला. ते बोलले तर माझं काय, ही भीती होती.

समारंभ रविवारी दुपारी, इस्पितळाच्या जेवणघरात. पांढरे टेबलक्लॉथ मीच इस्त्री केलेले. सफरचंदाचा केक, गावचा बँड, स्टुटगार्टचे साहेब, आसपासच्या इस्पितळांतले दहा-बारा डॉक्टर. शेवटच्या रांगेत काळ्या कपड्यांत आफ्रा येऊन बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि तिला उठवायचं धाडसही कुणी केलं नाही. भाषणं झाली. टाळ्या झाल्या. कुट्टलर डॉक्टर उत्तराला उभे राहिले आणि त्यांनी खिशातून कागद काढला.

"लोरेन्स हाफ्नर," त्यांनी वाचलं. "अठरा गायींचं दूध काढायचा. गायी त्याचा आवाज ओळखायच्या." लोकांना वाटलं, जुन्या आठवणी सांगतायत. हसले काही जण. "टिबोर. आडनाव माहीत नाही. बुटांना असे टाके घालायचा की आत पाणी शिरायचं नाही. क्रेसेन्झ क्योगेल. इस्त्री करायची, उत्तम." अठरा नावं वाचली. मग अकरा.

"या अठरांना काही येत नाही, असं मी लिहिलं. कागद कुठे जाणार ते मला ठाऊक नव्हतं. पण ते खोटं आहे, हे ठाऊक होतं. माझ्या सोयीचं होतं म्हणून मी खोट्याखाली डॉक्टरची सही केली. आणि या अकरांच्या वेळी मला सगळं ठाऊक होतं. मला कुणी धमकावलं नव्हतं. मी निवडले."

स्टुटगार्टचे साहेब घाईनं उठले. "डॉक्टर दमलेत. त्या काळात खालच्या डॉक्टरांना काही कळणं शक्यच नव्हतं..."

"मला कळलं होतं," कुट्टलर म्हणाले.

"अरे, आपल्याच घरात काय घाण करतोस!" एक जाडे डॉक्टर ओरडले. "आम्ही सगळे खुनी काय मग?"

"ते तुम्ही सांगा. मी माझं सांगतोय."

आणि मी उठले. कशी उठले देव जाणे. "त्या अठरांचं मी सांगितलं होतं त्यांना," मी म्हटलं. "काही येत नाही असं लिहा, हे माझे शब्द. झेन्झी मला कामाला हवी होती." मागे वळून आफ्राकडे पाहायची हिंमत झाली नाही.

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते, इतक्या मायेनं की मला रडू फुटलं. "वाल्बुर्गाबाई, तुम्ही मागितलंत. मागणारा कुणीही असतो, आपल्या माणसाच्या काळजीनं मागतो, नाहीतर बर्लिनहून मागतो. सही द्यायची की नाही, ते ती करणाऱ्याच्या हातात असतं. बसा आता."

मी बसले नाही. त्यांच्यासारखीच उभी राहिले.

खुर्ची मिळाली नाही, हे सांगायला नकोच. खटला पुन्हा उभा करा म्हणून त्यांनी स्वतः तीन अर्ज केले, तिन्ही फाइलीत पडून राहिले. त्यांना शिक्षा देण्यात कुणालाच रस नव्हता, त्यांनी गप्प बसावं एवढंच हवं होतं. पुढची तेरा वर्षं ते सायकलवरून वाड्या-वस्त्यांवर रोगी बघत हिंडले. एक गोष्ट मात्र होती. कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी ते तो रोग्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे, खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी असली तरी. लोक कंटाळायचे. इतर डॉक्टर त्यांना पाहून रस्ता बदलायचे. चांगला की वाईट? मला नाही ठरवता येत. मला ते फार प्रिय होते, आणि एकोणतीस माणसं त्यांच्या सहीनं मेली. माझ्याच्यानं यातलं एकही पुसलं जात नाही.

पण त्या रविवारचं थोडं राहिलंय. केक तसाच सोडून लोक भराभर निघून गेले. अंगणात आफ्रा उभी होती. डॉक्टर टोपी हातात घेऊन तिच्याजवळ गेले, मी त्यांच्या मागे.

"हात देणार नाही मी," ती म्हणाली.

"नका देऊ."

"दोघांनाही."

"हो," मी म्हटलं.

ती टेकडी उतरायला लागली. डॉक्टर तिच्या बरोबरीनं जाऊ लागले तशी ती थांबली. "बाजूनं नाही. मागून चाला."

मग ती पुढे, तिच्यामागे डॉक्टर, त्यांच्यामागे मी. कुणी बोललं नाही. टेकडी उतरलो, पूल ओलांडला आणि गावाच्या भर रस्त्यावर आलो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही बाई आम्हाला कशी चालवतेय. आमच्याकडे मयताच्या मागून असं चालतात, आई पुढे, बाकीचे मागे, न बोलता, घरापासून दफनभूमीपर्यंत. झेन्झीच्या मागून कुणी चाललंच नव्हतं. टपालानं राखेचा एक डबा आला होता, तो आफ्रानं स्वतःच पिशवीत घालून दफनभूमीत नेला होता.

बेकरीवाला श्टेगमान दारात उभा राहून पाइप ओढत होता. त्यानं आफ्राचे काळे कपडे पाहिले, आम्हाला पाहिलं, मग आमच्या पुढे, मागे नजर टाकली. शवपेटी कुठे दिसेना. जरा गोंधळला. मग त्यानं पाइप तोंडातून काढला, आणि टोपी उतरवून हातात धरली.